पाठ करूनही पुन्हा तीच चूक होते? फ्रेंच-इंग्रजीतल्या फसव्या शब्दांवर उपाय

“अहो, यादी तोंडपाठ आहे माझी. पण बोलायला गेलं की नेमका उलटा शब्द तोंडात येतो.”

फ्रेंच शिकणाऱ्यांकडून ही तक्रार मी सतत ऐकते. इंग्रजीवर मेहनत घेणाऱ्यांचीही तीच गत: लेंड की बॉरो, बाय की अंटिल, लूझ की लूस. परीक्षेत जोड्या लावायला दिल्या तर सगळ्या बरोबर येतात. फोनवर, मेलमध्ये, मुलाखतीत मात्र पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग माणूस स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष देतो आणि तीच यादी पुन्हा घोकायला बसतो.

माझं स्पष्ट मत आहे की यात स्मरणशक्तीचा काही दोष नाही. शब्द ज्या वाटेने डोक्यात शिरला ती वाट चुकीची आहे. त्याच वाटेने तो आणखी दहा वेळा आत नेला तर चूकच घट्ट होते.

हे पटत नसेल तर एक उदाहरण आपल्या रोजच्या कानावरचं घ्या. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, आपल्याकडे शोधकार्य. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. अक्षर न् अक्षर सारखं, अर्थ पार वेगळे, तरी दोन्ही भाषा ऐकत मोठा झालेला मराठी माणूस इथे अडखळत नाही. कोणी आपल्याला या शब्दांचा तक्ता करून दिला नव्हता. ‘शिक्षा’ हा शब्द ‘झाली’, ‘भोगली’, ‘माफ केली’ अशा सोबत्यांबरोबर आला आणि त्यांच्यातच राहिला. फ्रेंचचे शब्द आपण असे सोबत्यांसकट आत येऊ देत नाही. त्यांना एकेकटं पकडून इंग्रजी शब्दासमोर उभं करतो आणि मधे बरोबरचं चिन्ह काढतो.

पुढे जाण्याआधी एक सूचना. इथे मी परके शब्द देवनागरीत, उच्चाराच्या जवळपास जातील असे लिहिते आहे. तुमच्या वहीत मात्र फ्रेंच आणि इंग्रजी शब्द त्यांच्या मूळ लिपीतच लिहा. देवनागरीत लिहिलं की काही फरक पुसले जातात, आणि त्यातले काही फरकच या गोंधळाचं मूळ आहेत. ते पुढे येईलच.

आधी बिघाड कुठे आहे ते शोधा

चूक झाली की लगेच बरोबर उत्तर पाठ करायला धावू नका. तो चुकीचा शब्द आलाच का, हे आधी विचारा. दिसायला इंग्रजीसारखा होता म्हणून आला? मराठीत दोन्हींना एकच शब्द आहे म्हणून आला? की पहिल्यांदा तो नीट ऐकूच आला नव्हता? या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. कानाचा दोष असेल तर अर्थ घोकून काही उपयोग होत नाही, आणि अर्थाचा दोष उच्चार सुधारून जात नाही.

पहिला प्रकार: इंग्रजीच्या ओळखीवर आत घुसलेले शब्द

माझ्याकडे शिकणाऱ्या एकीने एका बैठकीबद्दल फ्रेंचमध्ये मेल लिहिला. तिला म्हणायचं होतं, ‘कामामुळे उशीर होईल, पण शेवटी मी येईनच.’ डोक्यात इंग्रजी ‘इव्हेंच्युअली’ होतं, म्हणून तिने लिहिलं, ‘झ व्ह्यँद्रे एव्हाँत्युएलमाँ’. समोरच्याने ते वाचलं, ‘जमलंच तर येईन’. तिची वाट न बघता बैठक उरकली. मेलमध्ये व्याकरणाची एकही चूक नव्हती, आणि नेमकं म्हणूनच कोणी तिला काही सांगितलं नाही. व्याकरण चुकलं तर वाक्य लंगडं होतं आणि समोरचा थांबून विचारतो. इथे वाक्य धडधाकट होतं, फक्त ते दुसरंच काही सांगत होतं.

फ्रेंचमध्ये अशा शब्दांना ‘फो झामी’ म्हणतात, म्हणजे खोटे मित्र. फ्रान्समध्ये १९२८ साली आलेल्या एका पुस्तकामुळे हे नाव रूढ झालं. पण हे शब्द मुळात परके नाहीत, एकाच घरातून निघालेले आहेत. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढे कित्येक पिढ्या तिथल्या दरबाराची आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच राहिली. १३६२ साली न्यायालयात इंग्रजीतून बाजू मांडावी असा कायदा झाला, तोसुद्धा फ्रेंचमध्ये लिहिलेला होता. त्या काळात हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत आले. मग दोन्ही भाषा आपापल्या वाटेने गेल्या आणि बरेच शब्द इकडे एका अर्थावर, तिकडे दुसऱ्या अर्थावर स्थिरावले. जुन्या फ्रेंचमध्ये ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचा संग्रहही असे. इंग्रजीने तो अर्थ उचलला आणि लायब्ररी केली. आजच्या फ्रेंचमध्ये लिब्रेरी म्हणजे पुस्तकांचं दुकान. वाचनालय हवं असेल तर बिब्लिओतेक.

आता उपायाकडे. ‘आक्त्युएलमाँ म्हणजे ॲक्च्युअली नव्हे’ हे लोक शंभरदा लिहून काढतात आणि तरी चुकतात. का? आक्त्युएलमाँचा अर्थ ‘सध्या’, पण बोलताना त्यांना ‘सध्या’ म्हणायचंच नसतं. त्यांना ‘खरं तर’ म्हणायचं असतं, त्यासाठी फ्रेंच शब्द सापडत नाही, आणि जिभेवर जवळचा तोच एक शब्द असतो. म्हणून ‘खरं तर’साठी फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते आधी पक्कं करा: ‘आँ फेत’. हा शब्द जिभेवर बसला की आक्त्युएलमाँ आपोआप मागे सरतो. दुरुस्ती चुकीच्या शब्दापाशी करायची नसते. ज्या शब्दाच्या गरजेपोटी चूक झाली तिथे करायची असते. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

तिच्या त्या मेलचंही तसंच. ‘शेवटी येईनच’साठी फ्रेंचमध्ये क्रियापदाची एक छान सोय आहे: ‘झ फिनिरे पार आरिव्हे’, शब्दशः ‘मी पोचून संपवेन’. हे एकदा अंगवळणी पडलं की एव्हाँत्युएलमाँ त्याच्या जागी, म्हणजे ‘तशी वेळ आलीच तर’ या अर्थाने, बिनधोक वापरता येतं.

आताँद्र आणि आसिस्ते ही जोडी तर दुहेरी फसवते. इंग्रजीत अटेंड म्हणजे हजर राहणे आणि असिस्ट म्हणजे मदत करणे. फ्रेंचमध्ये आताँद्र म्हणजे वाट पाहणे, आणि ‘आसिस्ते आ’ म्हणजे हजर राहणे. म्हणजे एकाची खुर्ची दुसऱ्याने घेतलेली. इथे मी ‘अटेंडंट’ हा शब्द आठवायला सांगते: जो कुणाच्या तरी दिमतीला थांबून असतो तो. थांबण्याचा जुना अर्थ तिथे अजून शिल्लक आहे. मदत करण्यासाठी साधं ‘एदे’ वापरा, म्हणजे आसिस्तेची गरजच पडत नाही. शिवाय आताँद्रला मागे काही जोडावं लागत नाही. इंग्रजीत वेट फॉर, फ्रेंचमध्ये नुसतं ‘झाताँ ल ब्यूस’, बसची वाट बघतोय.

परीक्षेचं तर त्रांगडंच आहे. आपण मराठीत परीक्षा देतो, म्हणून इंग्रजीतही ‘गिव्ह अ‍ॅन एक्झाम’ म्हणून बसतो. इंग्रजी कानाला ते परीक्षक परीक्षा घेतोय असं लागतं, विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. आणि फ्रेंचमध्ये ‘पासे’ म्हणजे परीक्षेला बसणे, पास होणे नव्हे. निकाल लागायच्या आधीच एखाद्याने ‘झे पासे मों नेग्झामँ’ म्हटलं तर अभिनंदन करू नका, तो फक्त पेपर लिहून आलाय. पास झाला असेल तर तो ‘रेउसी’ म्हणेल.

बाकीचे भराभर सांगते, कारण सगळ्यांचा इलाज एकच आहे. ‘साँसिब्ल’ म्हणजे हळवा. समंजस माणसाला ‘रेझोनाब्ल’ म्हणा. ‘रेस्ते’ म्हणजे थांबणे, राहणे. विश्रांती घ्यायची तर ‘स रपोझे’. ‘द्माँदे’ म्हणजे विचारणे किंवा मागणे, त्यात इंग्रजी डिमांडचा दरडावणीचा सूर नाही, तेव्हा एखाद्या फ्रेंच पत्रात ते दिसलं तर रागावू नका. ‘देसेप्स्यों’ म्हणजे अपेक्षाभंग, फसवणूक नव्हे, फसवणुकीला ‘त्रोंपरी’. आणि डबाबंद वस्तूत काय घातलंय हे विचारताना ‘प्रेझेर्व्हातीफ’ हा शब्द चुकूनही वापरू नका, त्याचा अर्थ निरोध. तुम्हाला हवा असलेला शब्द ‘काँसेर्व्हातर’ आहे.

दुसरा प्रकार: मराठीत एक, तिकडे दोन

इथे इंग्रजी-फ्रेंचच्या दिसण्याचा काही संबंध नाही. आपल्या मराठीनेच दोन गोष्टी एका शब्दात बांधल्या आहेत.

सगळ्यात त्रासदायक शब्द म्हणजे ‘पर्यंत’. ‘शुक्रवारपर्यंत इथे थांब’ आणि ‘शुक्रवारपर्यंत अहवाल दे’. मराठीला दोन्हीकडे तोच शब्द चालतो. इंग्रजीत पहिल्याला अंटिल, दुसऱ्याला बाय. फ्रेंचमध्ये पहिल्याला ‘झ्यूस्का’, दुसऱ्याला ‘दिसी’. ‘अहवाल अंटिल फ्रायडे पाठवा’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं की शुक्रवार उजाडेपर्यंत अहवाल पाठवतच राहायचंय.

यावर मराठीतच करायची एक सोपी चाचणी आहे. ‘पर्यंत’ काढून तिथे ‘च्या आत’ घालून पाहा. ‘शुक्रवारच्या आत अहवाल दे’ हे चालतं, म्हणून बाय आणि दिसी. ‘शुक्रवारच्या आत इथे थांब’ हे कानाला खटकतं, म्हणून अंटिल आणि झ्यूस्का. काम एकदाच होऊन संपणार की तोवर चालूच राहणार, एवढंच ही चाचणी विचारते. एक काळजी मात्र घ्या. फ्रेंचमध्ये ‘आव्हाँ’ म्हणजे ‘आधी’, त्यात खुद्द शुक्रवार येत नाही. शुक्रवार धरून सांगायचं असेल तर ‘व्हाँद्रदी ओ प्ल्यू तार’, उशिरात उशिरा शुक्रवारी, असं लिहा. मुदतीच्या बाबतीत मी स्वतः नेहमी हेच लिहिते, कारण त्यात वादाला जागा राहत नाही.

‘पासून’चंही असंच. सोमवारपासून आणि दोन वर्षांपासून, आपल्याला दोन्ही सारखेच. इंग्रजी विचारते: तुम्ही सुरुवातीचा क्षण सांगताय की मधला काळ मोजताय? क्षण असेल तर सिन्स, मोजलेला काळ असेल तर फॉर. ‘पासून’च्या जागी ‘गेली’ घालता आलं, ‘गेली दोन वर्षं’, की फॉर. ‘गेली सोमवार’ म्हणता येत नाही, तिथे सिन्स. फ्रेंचने ही कटकट ठेवलेलीच नाही; दोन्हींना ‘द्प्वी’.

तिसरा शब्द ‘शंका’. वर्गात हात वर करून आपण म्हणतो, मला एक शंका आहे, आणि म्हणायचं असतं, मला एक प्रश्न विचारायचाय. तेच इंग्रजीत ‘आय हॅव अ डाउट’ झालं की बाहेरच्या माणसाला वाटतं, याला आपलं म्हणणं पटलेलं नाही. ‘क्वेश्चन’ म्हणा. फ्रेंचमध्येही ‘झे यून केस्त्यों’. आणि फ्रेंचमध्ये ‘साँ दूत’ दिसलं तर ‘निःसंशय’ असं भाषांतर करून मोकळे होऊ नका. शब्दशः तेच असलं तरी वापरात त्याचा अर्थ ‘बहुधा’ असा सैलावला आहे. खरोखर निःसंशय म्हणायचं तर ‘साँ झोक्यँ दूत’, कुठल्याही शंकेविना.

जिथे मराठी इंग्रजीपेक्षा जास्त कामाची

आपण फ्रेंच शिकतो ते बहुतेक इंग्रजीतल्या पुस्तकांमधून. म्हणून इंग्रजी बोलणाऱ्याला अवघड जाणाऱ्या गोष्टी आपणही अवघड म्हणून शिकतो, मग मराठीत त्या सरळ का असेनात. हे मला फार खुपतं. यातल्या कितीतरी गोष्टींचा गोंधळ व्हायचं आपल्याला काही कारणच नाही.

‘आँकोर’ घ्या. पुस्तकात त्याचे अर्थ दिलेले असतात: स्टिल, येट, अगेन, अनदर, मोअर. पाच इंग्रजी शब्द, प्रत्येकाला वेगळा नियम. शिकणारा गांगरतो. आता मराठीत बघा. ‘इल दोर आँकोर’: तो अजून झोपलाय. ‘पा झाँकोर’: अजून नाही. ‘आँकोर अँ’: अजून एक. ‘आँकोर प्ल्यू ग्राँ’: अजून मोठा. सगळीकडे आपलं ‘अजून’. फक्त ‘पुन्हा एकदा’ तेवढं वेगळं पडतं, ‘आँकोर यून फ्वा’, आणि तिथेही ‘अजून एकदा’ म्हटलं की जमून जातं. पाच नियमांऐवजी एक शब्द.

ऐकणे आणि ऐकू येणे, बघणे आणि दिसणे. हिअर आणि लिसनमध्ये चुकणारा माणूस मराठीत ‘मला ऐकू येतंय’ आणि ‘मी ऐकतोय’ यात कधीही चुकत नाही. ‘आँताँद्र’ म्हणजे ऐकू येणे, ‘एकूते’ म्हणजे ऐकणे. ‘व्ह्वार’ म्हणजे दिसणे, ‘रगार्दे’ म्हणजे बघणे. इंग्रजीत ‘आय कान्ट हिअर यू’ म्हणायच्या जागी ‘आय कान्ट लिसन यू’ निघत असेल तर बोलण्याआधी तेच वाक्य मनात मराठीत म्हणा. ‘येणे’ आलं की हिअर.

मग ‘त्यू म माँक’. इंग्रजी ‘आय मिस यू’ म्हणते, त्यामुळे शिकणारे ‘झ त माँक’ म्हणून मोकळे होतात, आणि त्याचा अर्थ होतो ‘तुला माझी आठवण येते’. प्रेमाच्या किंवा घरच्या पत्रात ही चूक फार बोचते. मराठीत आठवण ‘मला’ येते, मी करत नाही. फ्रेंचमधला ‘म’ म्हणजे आपला हाच ‘मला’. ‘सा म प्ले’ तर अक्षरशः ‘ते मला आवडतं’. आवडणारी गोष्ट कर्ता, आणि ज्याला आवडते तो ‘मला’. इंग्रजी मधे आणली नाही तर हे वाक्य उलटायचं काही कारणच नाही.

काळाचंही तसंच. ‘झाबीत इसी द्प्वी द झाँ’, मी इथे दोन वर्षांपासून राहतो. फ्रेंचमध्ये साधा वर्तमानकाळ, मराठीतही साधा वर्तमानकाळ. ‘हॅव बीन लिव्हिंग’चा घाट फक्त इंग्रजीत घालावा लागतो. आणि ‘दाँ वी झूर’ म्हणजे आठ दिवसांनी, अर्थात एका आठवड्याने. ‘कँझ झूर’ म्हणजे पंधरा दिवस, अर्थात दोन आठवडे. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी इथे सात की आठ, चौदा की पंधरा असं बोटांवर मोजत बसतो. आपण ‘आठ दिवसांनी या’ म्हणताना कधी मोजतो का?

उलट प्रश्नाचं उत्तर हा मात्र दोन्ही भाषांमध्ये अडकवणारा भाग. ‘तू येणार नाहीस का?’ याला मराठीत ‘हो, नाही येणार’ म्हटलं तरी चालतं, कारण आपण विचारणाऱ्याच्या म्हणण्याला हो म्हणतो. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये हो-नाही हे घडणाऱ्या गोष्टीबद्दल असतं. येणार नसाल तर नो आणि नों. नुसतं येस म्हटलं तर समोरचा बुचकळ्यात पडतो. आणि येणार असाल तर? फ्रेंचमध्ये अशा वेळी ‘वी’ म्हणत नाहीत, ‘सी’ म्हणतात. इंग्रजीत याला एका शब्दाचं उत्तर नाही, म्हणून तिथून शिकलं तर तो एक विचित्र अपवाद वाटतो. मराठीत तो आपल्या ‘की’च्या अगदी शेजारी बसतो. ‘येणार नाहीस?’ ‘येणार की!’ हा ‘की’ जिथे तोंडात येईल तिथे ‘सी’.

सगळीकडे मराठी तारून नेईल असं मात्र नाही. ‘साव्ह्वार’ आणि ‘कोनेत्र’मध्ये ती अर्धीच साथ देते. पोहता ‘येतं’ तिथे साव्ह्वार, माणसाला ‘ओळखतो’ तिथे कोनेत्र, इथवर ठीक. पण ‘मला ते शहर माहीत आहे’ आणि ‘तो येणार हे मला माहीत आहे’ यात आपलं ‘माहीत’ दोन्हीकडे आहे. इथे वाक्याची रचना बघा: पुढे नुसतं माणसाचं, गावाचं, वस्तूचं नाव असेल तर कोनेत्र, पुढे अख्खं वाक्य किंवा दुसरं क्रियापद असेल तर साव्ह्वार.

तिसरा प्रकार: कानाचा घोळ

एकदा मला एका कामासाठी फोनवरून वेळ मिळाली होती. मी ऐकलं ‘द झर’, दोन वाजता. सांगितलं गेलं होतं ‘दू झर’, बारा वाजता. मी दोनला पाच कमी असताना पोचले. ज्यांना भेटायचं होतं ते तासाभरापूर्वीच निघून गेले होते, आणि पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. दोन्ही शब्दांचा अर्थ मला पाठ होता. फरक कानाला कळला नव्हता, कारण दोनमधला तो स्वर मराठीत नाहीच.

तो असा काढा: ‘ए’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ ‘ओ’सारखे गोल करा. हा ‘दोन’मधला स्वर. तसंच ‘ई’ म्हणत राहा, जीभ तिथेच ठेवा आणि ओठ ‘ऊ’सारखे करा. हा ‘दस्यू’मधला स्वर, मी ‘यू’ लिहिते आहे, पण त्यात ‘य’ अजिबात नाही. दस्यू म्हणजे वर, दसू म्हणजे खाली. सामान हलवताना एवढ्याशा फरकाने खोकं भलतीकडे जातं. आरशासमोर पाच मिनिटं करा, मग स्वतःचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐका. दुसऱ्या दिवशी यासाठी की लगेच ऐकलं तर आपण काय म्हणालो ते आठवत असतं, आणि कान त्यावर विसंबतो.

कान तयार होईपर्यंत वेळ ठरवताना दुसऱ्या शब्दात उलटून विचारत जा. दुपारी दोनला ‘कातोर्झ अर’, म्हणजे चौदा वाजता, आणि दुपारी बाराला ‘मिदी’. या दोघांची सरमिसळ होऊच शकत नाही.

‘प्ल्यू’कडेही कान द्या. बोलताना फ्रेंच लोक नकाराचा ‘न’ गाळून टाकतात. मग ‘अजून हवं’ आणि ‘आता नको’ यात फरक उरतो तो फक्त शेवटच्या ‘स’चा: वाक्याच्या शेवटी प्ल्यूस म्हटलं की अजून, प्ल्यू म्हटलं की पुरे.

‘स’ आणि ‘झ’ चा घोळ मात्र लिहिण्यातून सुटतो. फ्रेंचमध्ये दोन स्वरांच्या मधे एकच एस असेल तर झ, दोन असतील तर स. प्वासों म्हणजे मासा, प्वाझों म्हणजे विष. देझेर म्हणजे वाळवंट, देसेर म्हणजे जेवणानंतरचं गोड. इंग्रजीत ही युक्ती चालत नाही. तिथे दोन्हीकडे झ आहे आणि फरक आघाताचा. आघात पहिल्या अक्षरावर, डेझर्ट, तर वाळवंट. दुसऱ्यावर, डिझर्ट, तर गोड. मराठीत आपण गोडालाही सर्रास डेझर्टच लिहितो, आणि पुढे इंग्रजी बोलताना तेच तोंडात येतं. लूझ आणि लूस यांनाही मराठीत एकच ‘लूज’ लावल्यामुळे स्पेलिंग चुकतं. हरवणे, हरणे या अर्थाच्या शब्दात एक ओ आणि उच्चार झ. सैल या अर्थाच्या शब्दात दोन ओ आणि उच्चार स. आधी उच्चार वेगळे करा, स्पेलिंग मागोमाग येतं.

लिहितानाचे एकसारखे उच्चार, म्हणजे फ्रेंचमधला खुणेचा आणि बिनखुणेचा ‘आ’, ‘सों’चे दोन प्रकार (एक ‘त्याचा’, दुसरा ‘आहेत’), इंग्रजीतलं अपॉस्ट्रॉफीचं आणि बिनअपॉस्ट्रॉफीचं ‘इट्स’, यांत फार अडकू नका. वाक्य भूतकाळात नेऊन पाहा. ‘आ’ बदलून ‘आव्हे’ झालं तर ते क्रियापद, त्यावर खूण नाही. ‘सों’ बदलून ‘एते’ झालं तर ते क्रियापद, शेवटी टी लागणार. ‘इट्स’च्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ बसलं तरच अपॉस्ट्रॉफी.

आकड्यांत चुकलात तर

हा प्रकार क्वचित येतो, पण आला की महागात पडतो. इंग्रजीत बिलियन म्हणजे शंभर कोटी, आपला अब्ज. फ्रेंचमध्ये शंभर कोटीला ‘मिल्यार’ म्हणतात, आणि ‘बिल्यों’ म्हणजे एक लाख कोटी, हजारपट मोठा. ब्रिटनमध्येही पूर्वी बिलियनचा हाच मोठा अर्थ होता. १९७४ मध्ये सरकारने शंभर कोटीचा अर्थ स्वीकारला. शिवाय फ्रेंचमध्ये दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम. १,५ म्हणजे दीड. फ्रेंच कागदावरचा आकडा इंग्रजीत किंवा मराठीत उतरवताना आधी तो मराठी अक्षरांत लिहून काढा, ‘शंभर कोटी’, ‘दीड’, आणि मगच दुसऱ्या भाषेत न्या.

वही कशी ठेवावी

गोंधळाची जोडी एकाच पानावर, एकाच दिवशी लिहू नका. बहुतेक जण नेमकं हेच करतात: मधे रेघ, डावीकडे लेंड, उजवीकडे बॉरो. दोघं शेजारी बसले की कायमचे जोडले जातात, आणि एक आठवला की दुसरा मागोमाग येतो. आधी एकच घ्या. बॉरो म्हणजे उसनं घेणे. त्याची तीन वाक्यं लिहा, तुमच्या स्वतःच्या आयुष्यातली, खरी घडलेली. मी अमक्याकडून छत्री उसनी घेतली, ती परत द्यायची राहिली. आठवडाभर तोच शब्द वापरा. तो बिनचूक येऊ लागला की मगच लेंडला हात घाला. फ्रेंचमध्ये ‘आँप्रँते’ आणि ‘प्रेते’ यांनाही हाच क्रम.

प्रत्येक शब्दासोबत अर्थ म्हणून इंग्रजी शब्द लिहू नका, मराठी वाक्य लिहा. आताँद्रसमोर ‘बसची वाट बघतोय’, आँताँद्रसमोर ‘मला ऐकू येत नाहीये’. एवढं करून एखादी चूक परत आलीच, तर त्या शब्दाच्या पानावर तारीख टाका आणि कुठल्या वाक्यात आली ते जसंच्या तसं उतरवा. दोन-तीन नोंदी झाल्या की लक्षात येतं की चूक सगळीकडे होत नाही, एका ठरावीक वाक्यातच होते. माझ्या एका विद्यार्थ्याचं आक्त्युएलमाँ फक्त वाक्याच्या सुरुवातीला चुकायचं, मधे कधीच नाही. त्याला दुसरं काही न देता, प्रत्येक उत्तराची सुरुवात ‘आँ फेत’ने करायची एवढाच अभ्यास आठ दिवस दिला होता.